ड्रॅगनस्वारांची जीवघेणी शाळा : 'फोर्थ विंग' वाचताना एका शिक्षिकेला काय सापडलं?



आजचा लेख एका कादंबरीविषयी आहे. ती ना अभ्यासक्रमातली, ना बालसाहित्यातली. आधीच सांगते, ही कादंबरी मुलांसाठी नाहीच. मग ती इथे कशाला, असं वाटेल. त्यामागे माझीच एक चूक आहे. ती आधी कबूल करते, मग पुढे जाऊ.

माझी भाची नववीत आहे. मोबाईलवरच्या रील्समध्ये तिने एका पुस्तकाचं सोनेरी मुखपृष्ठ पाहिलं आणि वाढदिवसाला हट्टच धरला, "मावशी, मला तेच हवंय. त्यात ड्रॅगन आहेत, शाळा आहे." ड्रॅगन आणि शाळा म्हटल्यावर मी पुढचा विचारच केला नाही. मुलगी पुस्तक मागतेय याचाच आनंद! मागवलं, रंगीत कागदात गुंडाळलं आणि दिलं. पंधरा दिवसांनी ताईचा फोन. "अगं, तू हे वाचून दिलंस का तिला?"

वाचून दिलं नव्हतं. वर्गात रोज सांगते, "उत्तर लिहिण्याआधी प्रश्न नीट वाचा." आणि मी स्वतः मुखपृष्ठ बघून पुस्तक दिलं होतं. मग ते घरी आणलं आणि दिवाळीच्या सुट्टीत वाचायला बसले. इंग्रजी, जवळजवळ पाचशे पानांचं. पहिली तीस-चाळीस पानं मोबाईलमधला शब्दकोश उघडून वाचली. नंतर शब्दकोश कधी बाजूला पडला ते कळलंच नाही. फराळाचं तळण करताना कढईशेजारी पुस्तक उघडं होतं, आणि दोन चकल्या त्यापायी काळ्या झाल्या.

कादंबरीची ओळख

'फोर्थ विंग' ही अमेरिकन लेखिका रेबेका यारोस यांची कादंबरी मे 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. 'एम्पिरियन' या मालिकेतला हा पहिला भाग. दुसरा भाग 'आयर्न फ्लेम' त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आला आणि तिसरा 'ऑनिक्स स्टॉर्म' जानेवारी 2025 मध्ये. एकूण पाच भागांची योजना आहे. यारोस यांनी याआधी प्रेमकथा लिहिल्या, त्यांतल्या बऱ्याच सैन्यातल्या लोकांच्या. त्या स्वतः सैनिकी कुटुंबात वाढलेल्या. त्यामुळे कादंबरीतली शिस्त, हुकूम, पथकं, वरिष्ठ-कनिष्ठ हे सगळं ऐकीव वाटत नाही.

गोष्ट घडते नव्हार नावाच्या काल्पनिक राज्यात. शेजारच्या पोरोमिएलशी त्याचं कित्येक शतकांचं युद्ध चालू आहे. शत्रूकडे ग्रिफिन, म्हणजे गरुडाचं तोंड आणि सिंहाचं अंग असलेले प्राणी. नव्हारकडे ड्रॅगन. ड्रॅगनवर बसून लढणारे स्वार तयार होतात बास्गिअथ वॉर कॉलेजमध्ये. तिथे चार शाखा आहेत : वैद्य, लेखनिक, पायदळ आणि ड्रॅगनस्वार. सगळ्यांत मान स्वारांना आणि सगळ्यांत जास्त मृत्यूही त्यांच्यातच.

नायिका व्हायोलेट सॉरेनगेल वीस वर्षांची. वडील लेखनिक होते, आता हयात नाहीत. त्यांनी तिला ग्रंथालयासाठी घडवलेलं : वाचन, इतिहास, नोंदी. आई मात्र सेनापती. ती हुकूम सोडते की मुलगी स्वारांच्या शाखेतच जाणार. व्हायोलेटची शरीरयष्टी किरकोळ, सांधे सहज निखळणारे, हाडं नाजूक. अशी मुलगी अशा शाळेत कशी टिकते, हा कादंबरीचा मुख्य धागा.

गोष्टीने मला का धरून ठेवलं?

शाळेचा पहिलाच दिवस पाहा. शाखेत प्रवेश हवा तर उंचावरच्या एका अरुंद दगडी पुलावरून चालत जायचं. कठडा नाही, वरून वारा-पाऊस. पडलं की संपलं. इथे परीक्षा नापास करत नाही, जीवच घेते.

पुलाआधी व्हायोलेटची मोठी बहीण मीरा, जी स्वतः स्वार आहे, घाईघाईने तिची पिशवी रिकामी करते. जड पुस्तकं बाहेर. पायात घसरणार नाहीत असे रबरी तळव्यांचे बूट, अंगात चिलखतासारखी चोळी. सहलीच्या सकाळी मुलांची दप्तरं हलकी करणारी प्रत्येक आई मला त्यात दिसली.

रांगेत व्हायोलेटला ऱ्हिअॅनन नावाची अनोळखी मुलगी भेटते. तिच्या बुटांचे तळवे गुळगुळीत. व्हायोलेट तिला म्हणते, एक बूट बदलून घेऊ. म्हणजे दोघींच्याही एका पायाला पकड मिळेल. या शाळेत प्रत्येक जण दुसऱ्याचा प्रतिस्पर्धी, आणि पूल ओलांडायच्या आधीच ही मुलगी आपली अर्धी सुरक्षितता देऊन टाकते. तिथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले.

पुलावर भीतीने पाय लटपटतात तेव्हा व्हायोलेट पाठ केलेली माहिती पुटपुटते. राज्याची रचना, भूगोल, इतिहास. भीती मनात शिरायला आली की तिथे आधीच माहिती बसलेली. आपली मुलं अंधारात पाढे म्हणतात किंवा रामरक्षा म्हणतात, तसंच हे.

ड्रॅगनही मजेशीर आहेत. ते पाळीव नाहीत. माणूस ड्रॅगन निवडत नाही, ड्रॅगन माणसाला निवडतो. आवडला नाही तर जाळून टाकतो. स्वार आणि ड्रॅगन मनातल्या मनात बोलतात. टेर्न हा प्रचंड काळा ड्रॅगन तर आपल्याकडच्या जुन्या मुख्याध्यापकांसारखा : बोलणं कडक, कौतुक मोजून-मापून, पण पोराला हात लावायची कुणाची हिंमत नाही! आणि अँडार्ना ही चिमुकली सोनेरी ड्रॅगन. तिच्यावर काही जण चालून जातात तेव्हा जखमी व्हायोलेट एकटी त्यांच्या आडवी उभी राहते. पुढे काय होतं ते सांगत नाही, वाचणाऱ्याची मजा जाईल.

शिक्षक म्हणून चार गोष्टी

1. भीतीने पोरं टिकतात, शिकतात का?

या शाळेत रोज सकाळी सगळ्यांना उभं करून आदल्या दिवशी मेलेल्यांची नावं वाचतात. वाचून संपली की दिवस सुरू. सुट्टीनंतर मी वर्गात हजेरी घ्यायला उभी राहिले तेव्हा हेच आठवलं. आपण नावं घेतो ती 'आहे' ऐकायला. तिथे नावं घेतात ती 'नाही' सांगायला.

बास्गिअथचं म्हणणं असं की दुबळे गळाले की उरलेले मजबूत. पण कादंबरीत नीट पाहिलं तर जे टिकतात ते भीतीमुळे नाही. ते टिकतात कुणी रात्री सराव करून घेतला म्हणून, कुणी धोक्याची सूचना दिली म्हणून, कुणी बूट दिला म्हणून. आपल्या शिक्षणहक्क कायद्याने, म्हणजे 2009 च्या कायद्यातल्या कलम 17 ने, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. छडी गेली. पण "तुला काही येणार नाही", "शेजारच्या वर्गातली मुलं बघ" हे अजून गेलेलं नाही. मीही बोलून गेलेली आहे. तेही एखाद्याचं नाव रोज यादीतून खोडण्यासारखंच.

2. सर्वांना सारखं म्हणजे सर्वांना न्याय नव्हे

रेबेका यारोस यांना एहलर्स-डॅनलॉस हा आजार आहे आणि व्हायोलेटलाही तोच आहे, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं आहे. कादंबरीत आजाराचं नाव येत नाही, लक्षणं येतात. या आजारात शरीराला सांधून ठेवणाऱ्या ऊती कमकुवत असतात. सांधे गरजेपेक्षा जास्त वाकतात, सहज निखळतात, दुखत राहतात. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. म्हणून 'नाटकं करते' हा शेरा अशा मुलांच्या वाट्याला हमखास येतो.

व्हायोलेट बलवान होत नाही, हे मला सर्वांत जास्त आवडलं. शेवटपर्यंत तिचे सांधे तेच असतात. ती मार्ग बदलते. कड्यावर चढायच्या परीक्षेत इतरांना उंचीमुळे जे जमतं ते तिला जमत नाही, तेव्हा ती दोर आणि खंजीर वापरून वर पोचते. आक्षेप घेतला जातो तर नियमावलीतलंच कलम पुढे करते. अभ्यास केलेला असतो ना! तिच्या हाताला पेलतील असे खंजीर तिला मिळतात. ड्रॅगनच्या पाठीवरून ती सारखी घसरते, म्हणून तिच्यासाठी खोगीर बनतं. बाकी कुणी खोगीर वापरत नाही. सुरुवातीला तिलाही त्याची लाज वाटते.

इथे आपल्या शाळा आठवतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये 21 प्रकारची दिव्यांगत्वं नोंदवली आहेत. जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आपल्याकडे आहेत. तरी "त्याला जास्त वेळ, मग माझ्या मुलाला का नाही?" असं विचारणारे पालक भेटतात. त्यांना आता मी खोगिराचं उदाहरण देते. खोगीर दिलं म्हणून ड्रॅगन काही स्वतःहून युद्ध जिंकून देत नाही. उडायचं स्वारालाच असतं. खोगिरामुळे फक्त पडण्याची काळजी कमी होते.

एक मात्र खरं. व्हायोलेट काही लढतींआधी प्रतिस्पर्ध्यांच्या खाण्यात आजारी पाडणारी वनस्पती मिसळते. ही हुशारी की फसवणूक? नियम क्रूर असले की माणूस पळवाटा शोधतो. परीक्षेतली कॉपी समजून घ्यायची असेल तर हाही विचार करावा लागेल. कॉपी चुकीचीच. पण मुलाला ती करावीशी वाटेल इतकी भीती कुणी घातली, हेही विचारायला हवं.

3. काळजी आणि विश्वास

हा मुद्दा मला लागला. व्हायोलेटचा लहानपणापासूनचा मित्र डेन तिच्या आधी या शाळेत आलेला असतो. मनाने चांगला मुलगा. पण दर दोन दिवसांनी तिला म्हणतो, तू मरशील इथे, लेखनिकांच्या शाखेत जा, मी पळवून नेतो. तिच्या भल्यासाठीच म्हणतो. आणि त्याच्या प्रत्येक वाक्यातून तिला एकच ऐकू येतं : तुला जमणार नाही. त्याउलट झेडन रिऑर्सन. व्हायोलेटच्या आईने त्याच्या बंडखोर बापाला देहदंड दिलेला. म्हणजे तिच्या वाईटावर टपलेला असायला हवा. पण तो तिला आडोसा देत नाही, लढायला शिकवतो.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे. जन्मापासून तिच्या एका पायात अधूपणा आहे. खेळाच्या तासाला मी तिला नेहमी सावलीत बसवायचे. "तू सगळ्यांच्या चपला सांभाळ हं बाळा," असं प्रेमाने म्हणायचे. तीही हसून बसायची. तिला लागू नये, पडू नये, उद्या पालकांनी विचारू नये. दोन वर्षं मी तिची काळजी घेतली आणि एकदाही तिला विचारलं नाही. डेनची वाक्यं वाचताना मला माझाच आवाज ऐकू येत होता.

सुट्टीनंतर पहिल्या खेळाच्या तासाला मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं, "तुला काय खेळावंसं वाटतं गं?" ती बराच वेळ चपलांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लंगडी नको, बाई. लगोरी. मला फक्त चेंडू मारू द्या, पळायला दुसरं कुणी." तिने हे आधीच ठरवून ठेवलेलं होतं! विचारणारं कुणी नव्हतं, एवढंच. पहिले दोन नेम चुकले. तिसऱ्याने लगोरी कोसळली. तिच्या वाटणीचं पळायला दोन मुलं आपणहून पुढे आली. चपला त्या दिवशी कुणीच सांभाळल्या नाहीत आणि एकही हरवली नाही.

हे सांगताना मला फुशारकी मारायची नाही. दोन वर्षांचा हिशेब अजून माझ्याकडे बाकी आहे.

4. प्रश्न विचारणारा विद्यार्थी

या शाळेत एक तास असतो. सीमेवर काय घडलं ते सांगायचं आणि विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारायचे. उत्तरं कमी, प्रश्न जास्त. व्हायोलेटला इतिहास येतो म्हणून तिचे प्रश्न नेमके असतात. आणि हळूहळू तिच्या लक्षात येतं की आपल्याला शिकवलेल्या इतिहासात काही पानं कमी आहेत. वडिलांनी लहानपणी सांगितलेल्या लोककथांचा अर्थ तिला नव्याने लागतो. जीवघेण्या शाळेत तिचं खरं शस्त्र खंजीर नाही, वाचन आहे. वाचनाच्या तासाला "हे वाचून काय मिळणार?" असं विचारणाऱ्या पालकांना देण्यासारखं उत्तर!

पालकांनी काय लक्षात ठेवावं?

आता खबरदारी. 'फोर्थ विंग' ही प्रौढांसाठी लिहिलेली कादंबरी आहे. हिंसा भरपूर आहे. पात्रं पटापट मरतात, शिवीगाळ आहे, आणि उत्तरार्धात शारीरिक संबंधांची उघड, सविस्तर वर्णनं आहेत. मुखपृष्ठावरून यातलं काहीच कळत नाही. 'ड्रॅगन' शब्द दिसला की आपण ते बालसाहित्याच्या खणात टाकतो. मी तेच केलं. माझ्या मते हे पुस्तक अठरा वर्षांपुढच्यांनी वाचावं.

पण भाचीने काही पानं वाचून झालीच होती. मग काय करायचं? ताई म्हणाली, "तू दिलंस, तूच बोल." मी ओरडले नाही. तिला म्हटलं, "चूक माझी. मी न वाचता दिलं. आता वाचलंय. यातला काही भाग तुझ्या वयाला नाही, म्हणून पुस्तक माझ्या कपाटात राहील. मोठी झालीस की घेऊन जा. पण तोवर जिथवर वाचलंस तिथवर बोलू या." ती म्हणाली, "मला तर पुलापाशीच सगळ्यांत आवडलं होतं." आम्ही दोघी तासभर पुलावर बोललो. हिसकावून घेतलं असतं तर तिने ते मैत्रिणीच्या मोबाईलवर वाचलं असतं आणि माझ्याशी कधीच बोलली नसती.

ड्रॅगनची आवड असलेल्या मुलांसाठी इतर चांगले पर्याय आहेत. क्रेसिडा कॉवेल यांचं 'हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन' हे पुस्तक 2003 मध्ये आलं. त्यातला हिकप हा धिप्पाड लोकांच्या टोळीतला किरकोळ मुलगा. त्यावर 2010 मध्ये निघालेला चित्रपट तर घरात सगळ्यांनी मिळून बघावा. माध्यमिकच्या मुलांना ख्रिस्तोफर पाओलिनी यांची 'एरागॉन' देता येईल. ती लिहायला घेतली तेव्हा लेखक पंधरा वर्षांचा होता, एवढं सांगितलं तरी लिहिणारी मुलं कान टवकारतात.

वर्गात घेण्याजोगा उपक्रम : बुटांची अदलाबदल

अख्खी कादंबरी मुलांना द्यायची नसली तरी त्यातला एक प्रसंग सांगता येतो. मी चौथीच्या वर्गात असा घेतला :

1. पुलाचा प्रसंग सोप्या शब्दांत सांगा. बूट बदलण्याआधी थांबा. विचारा, "व्हायोलेटने आता काय करावं?"
2. मुलांनी गटात चर्चा करून एक उत्तर ठरवावं.
3. पुढचा प्रसंग सांगा आणि विचारा, "तुम्ही बूट दिला असता का? कुणाला?"
4. शेवटी प्रत्येकाने लिहावं : 'मला एकदा कुणीतरी बूट दिला होता.' म्हणजे अडचणीत केलेली मदत.

माझ्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, "बाई, मग तिचाही एक पाय घसरणार ना?" मी म्हटलं, "हो, घसरू शकतो." वर्ग शांत झाला. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "पण एक तर घट्ट राहील. दोघींचा." मूल्यशिक्षणाचा त्या दिवशीचा पाठ तिथेच संपला. मी फळ्यावर काही लिहिलं नाही.

लेखनातही छान गोष्टी आल्या. कुणी पाणी दिलं, कुणी पट्टी दिली. एकाने लिहिलं होतं, 'माझ्या भावाने मार खाताना माझं नाव सांगितलं नाही.'

शेवटी

आपण मुलांना सांगतो, वाचा. आपण स्वतः शेवटचं पुस्तक निव्वळ आनंदासाठी कधी वाचलं? प्रशिक्षणं, ऑनलाइन माहिती, शाळापूर्व तयारी यांतून आपल्या हातात परिपत्रकांशिवाय दुसरं काही येत नाही. या सुट्टीत मी चकल्या करपेपर्यंत वाचत बसले, याचा मला पश्चात्ताप नाही. मुलांना देण्याआधी वाचावं हा धडा मला उशिरा मिळाला. आणि वाचलं म्हणूनच सावलीत बसलेल्या एका मुलीकडे माझं लक्ष गेलं.

पुढच्या सोमवारी पुन्हा लगोरी आहे. या वेळी गट तीच पाडणार आहे.